म्हसूभाऊ आणि माझा उजवा पाय

पबमध्ये वाजवायला येताना म्हसूभाऊ शिंगाडे खिशात खडू घेऊन येत. ड्रम लावून झाले की स्टेजवर वाकून ते एक फुली मारत आणि मला म्हणत, "पाटील, हितं. हितून हलायचं नाय." मी बेस गिटार वाजवतो. माझी फुली कायम त्यांच्या डाव्या हाताला, थोडी पुढे असे. माझ्या पायांआड स्पीकर, खुर्ची, वायरचं भेंडोळं, काहीही आलेलं त्यांना खपत नसे. बूट पांढरे घालायचे, हाही त्यांचाच नियम. कारण विचारलं तर ते तयार होतं. "आमच्याकडं बिरोबाच्या जत्रंत ढोलवाला नाचणाऱ्याच्या पायाकडं बघून वाजवतो. पाय दिसलं की हात आपसूक चालतो." कारण पटण्यासारखं होतं, म्हणून कुणी फार खोदून विचारलं नाही.

आमचा बँड म्हणजे हौशी मामला. मी औरंगपुऱ्यातल्या एका बँकेत नोकरी करतो. रेहान कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतो आणि आमच्याकडे गातो. प्राची दातांची डॉक्टर आहे, ती गिटार वाजवते. नाव 'लूज कनेक्शन'. स्वतःचं म्हणावं असं एकही गाणं आमच्याकडे नाही. लोकांच्या ओळखीची हिंदी गाणी, चार-दोन इंग्रजी, मधूनच एखादं मराठी. शनिवारी संध्याकाळी जालना रोडवरच्या नाहीतर कॅनॉटच्या बाजूच्या पबांमधून आम्ही ती वाजवतो आणि लोक चिकन लॉलीपॉप खात ती ऐकतात. ऐकतात असं आपलं म्हणायचं.

आधीचा ड्रमर नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा रेहानने म्हसूभाऊंना शोधून आणलं. ते वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसवर काम करायचे आणि बजाजनगरात राहायचे. कंपनीच्या स्नेहसंमेलनात रेहानने त्यांना वाजवताना पाहिलं होतं. दर रविवारी प्राचीचा दवाखाना बंद असतो, तिथल्या पेशंट बसायच्या खोलीत आम्ही प्रॅक्टिस करतो. म्हसूभाऊ पहिल्यांदा तिथे आले ते कंपनीचा निळा शर्ट घालूनच. पन्नाशीला आलेला, रापलेला, रुंद मनगटांचा माणूस. रेहान त्यांना गाण्याचं नाव सांगू लागला, तर हात वर करून म्हणाले, "नाव ऱ्हाऊ द्या. चाल कशी हाय तेवढं सांगा. मेंढराची, बैलाची का घोड्याची?"

त्यांचे वडील मेंढपाळ. सिल्लोडच्या पुढे त्यांचं गाव. जगातली सगळी गाणी म्हसूभाऊंनी या तीन चालींत बसवून टाकली होती आणि महिनाभरात आम्हीही तसंच बोलू लागलो. प्राची इंग्रजी गाण्याचा अवघड तुकडा वाजवता वाजवता विचारायची, "म्हसूभाऊ, हे बैलाचंच ना?" माझ्या आडनावाचीही त्यांना गंमत वाटे. "तुमच्या आजोबांच्या वावरात आमच्या बापानं खताला मेंढरं बसवली आसतील, पाटील. आता मी तुम्हाला फुलीवर उभा करतो. फिटंफाट."

गाताना रेहान शब्द विसरतो. हा त्याचा जुना आजार आहे. पूर्वी तो विसरला की आम्ही सगळेच गडबडायचो आणि गाणं रस्त्यावर आडवं पडायचं. म्हसूभाऊ आल्यापासून ते बंद झालं. रेहान चाचपडला की मागून मोठ्याने आवाज यायचा, "चला पुढं, मागं मी हाय!" ठेका जराही ढळत नसे. रेहान काहीतरी लालाला करून पुढचं कडवं गाठायचा. त्यांच्या भरवशावर आम्ही नको ती गाणीही वाजवायला घेतली. शेवटी ओळख करून देताना रेहान ओरडायचा, "और ड्रम्स पे, आपले मॅसी!" म्हसूभाऊ उठून दोन्ही हातांत काठ्या धरून नमस्कार करायचे. मॅसी म्हटलेलं चालतं का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "रेशनकार्डावर म्हसू हाय, तेवढं पुरं. हितं मॅसी तर मॅसी."

आता आमच्या बँडची एक ख्याती सांगायला हवी. शहरातल्या पबवाल्यांमध्ये असं बोललं जायचं की लूज कनेक्शनवाले लई जोरात वाजवतात. जोरात म्हणजे आवाजाने नव्हे, वेगाने. आमचं गाणं मेंढराच्या चालीवर सुरू व्हायचं आणि घोड्याच्या चालीवर संपायचं. लोकांना हे फार आवडे. टेबलावरची माणसं उठून नाचू लागत आणि एका मालकाने तर गाणी लवकर संपतात म्हणून आणखी बसवायला सांगितली. आम्ही मात्र प्रत्येक जण आपापल्या जागी खजील होतो. रेहानला वाटे आपला दम कमी पडतोय, म्हणून तो सकाळी पळायला जाऊ लागला. प्राचीला वाटे आपली बोटं जड झाली. मी बेस वाजवताना उजवा पाय आपटतो, तर मला वाटे मीच मागे पडतोय. मग मी पाय जरा उचलायचो, म्हणजे जलद करायचो. ड्रमरवर संशय घेण्याचं कुणाच्या मनातही आलं नाही. ठेक्याचा इतका पक्का माणूस आम्ही पाहिलाच नव्हता.

मग जालना रोडवरच्या एका पबने स्टेज नवं केलं. पुढच्या बाजूला गुडघ्याएवढ्या उंचीचे दोन मोठे स्पीकर कायमचे बसवून टाकले आणि ड्रमची जागा बाजूला, स्पीकरांच्या पलीकडे कोपऱ्यात नेली. आम्ही दुपारी आवाज तपासायला गेलो तेव्हा म्हसूभाऊंनी खडू काढला, पण फुली मारायला जागाच सापडेना. मी कुठेही उभा राहिलो तरी माझे पाय स्पीकरआड जात होते. ते मॅनेजरला म्हणाले, "हे डबडं सरकवा की जरा." मॅनेजर म्हणाला, "काका, स्क्रूनं फिट केलंय. आता नाय हलत." म्हसूभाऊ बराच वेळ ड्रमच्या स्टुलावर नुसते बसून राहिले. रेहान त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "अरे मॅसीभाई, एक दिन की तो बात है." त्यांनी मान हलवली आणि खडू परत खिशात टाकला.

संध्याकाळी पहिली दोन गाणी कशीबशी निभावली. तिसरं गाणं ऐन रंगात असताना कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला. पबमध्ये केक आला की बँडने थांबायचं, ही रीतच आहे. मालकाने हात केला, रेहानने हात केला, मी थांबलो, प्राची थांबली. म्हसूभाऊ वाजवतच राहिले. नुसते वाजवत नव्हते, पूर्ण ताकदीने वाजवत होते, आणि माझे पाय जिथे असायला हवे होते त्या स्पीकरकडे टक लावून बघत होते. लोकांना वाटलं, वाढदिवसासाठी खास तुकडा आहे. शिट्ट्या वाजल्या, केक कापणारी मुलगी सुरी हातात घेऊन नाचली. शेवटी प्राची मागे गेली आणि तिने त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं. म्हसूभाऊ दचकले. चारी बाजूंना बघून त्यांनी काठ्या मांडीवर ठेवल्या. लोक टाळ्या वाजवत होते आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी स्वतःच सांगितलं. प्रेसच्या धाडधाडीत इतकी वर्षं गेली, सुरुवातीला कानात कापूस घालायचीही पद्धत नव्हती. डावा कान जवळजवळ गेला होता, उजवा अर्ध्यावर आला होता. मोठ्याने बोललेलं कळे, ओठ बघून बरंच कळे, पण एकदा ड्रम सुरू झाले की त्या आवाजापलीकडे त्यांना काहीच ऐकू येत नसे. ना गाणं, ना गिटार. ते आल्या दिवसापासून माझा पाय बघून वाजवत होते. रेहान शब्द विसरला की माझा पाय अडखळायचा, त्यावरूनच ते "चला पुढं" ओरडायचे. कानाच्या डॉक्टरने सांगितलं होतं की प्रेस सोडा आणि ड्रमही सोडा, म्हणजे उरलाय तेवढा कान राहील. प्रेसवरून त्यांनी कंपनीतच स्टोअरला बदली करून घेतली होती. ड्रम सोडवेना.

"सांगायचं नाय का आम्हाला?" प्राची चिडून, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली.

"काय सांगू, डॉक्टरीणबाई? ऐकू येत नाय म्हन्लं की बँडात कोण ठिवतं? प्रेस मी पोटासाठी हाणली. हे एकच माझं सोताचं हाय."

म्हसूभाऊ पाणी प्यायला आत गेले तेव्हा प्राची माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "म्हणजे आपण तिघं त्यांच्या ठेक्यावर, आणि ते तुझ्या पायावर. मग बँड कुणाच्या ठेक्यावर चालला होता?" मी त्यांना गाठायला पाय जलद करत होतो, आणि ते माझा पाय बघून हात जलद करत होते. एकमेकांच्या मागे धावत आम्ही दोघांनी अख्खा पब पळवला होता. रेहानला हसू आवरेना. मलाही हसू आलं आणि लगेच फार वाईट वाटलं. ते बाहेर आले तेव्हा तिघांपैकी कुणीही ही गोष्ट काढली नाही. ठेका हा त्यांचा अभिमान होता आणि तो तरी त्यांच्याकडे राहू द्यावा असं आम्हाला वाटलं.

सोडा, असं आमच्यापैकी कुणी म्हणालं नाही. डॉक्टर म्हणून प्राचीने दोनदा कानांचा विषय काढला, पण "बघू की" यापलीकडे त्यांचं उत्तर गेलं नाही. नव्या स्टेजचा पब आम्ही सोडून दिला आणि बाकीच्या ठिकाणी तसेच वाजवत राहिलो. थंडी सुरू झाली तेव्हा एका रविवारी ते प्रॅक्टिसला आले, पण स्टुलावर बसले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "माझं आता थांबतो." त्यांची नात नुकती नीट बोलायला लागली होती. लेक तिला घेऊन माहेरी आली होती आणि पोरगी दिवसभर आजोबांच्या मागे बडबडत फिरायची. "काल ती कायतरी म्हन्ली. मी म्हन्लं, काय गं? परत म्हन्ली. म्या परत इचारलं. मग आईकडं जाऊन म्हन्ती, आज्ज्याला नाय सांगायचं, त्याला कळत नाय." एवढं बोलून त्यांनी काठ्या रेहानच्या हातात दिल्या. निरोपाचा कार्यक्रम करू म्हटलं तर हात जोडून नको म्हणाले. रेहान त्यांच्या गळ्यात पडून रडला. मला रडू येत नाही, पण घरी जाताना मी रस्ता चुकलो.

आता नवा ड्रमर आहे. तो कानात ठोक्याचं यंत्र लावून वाजवतो, त्यामुळे आमची गाणी जशी सुरू होतात तशीच संपतात. नाचायला फारसं कुणी उठत नाही.

म्हसूभाऊंनी नंतर नोकरीही सोडली आणि ते गावी गेले. मागच्या हिवाळ्यात बँकेच्या कामाने सिल्लोडला गेलो होतो, तसाच पुढे त्यांच्याकडे गेलो. अंगणात मका वाळत घातला होता, कोवळी कणसं बाजूला काढून ठेवली होती. कानाला मशीन बसलं होतं आणि मी नेहमीच्या आवाजात बोललो तरी त्यांना कळत होतं. "मशीन लई गुणी हाय," ते म्हणाले, "पर बायकोचं सगळं ऐकू यायलंय, तेवढा तरास." आईबरोबर आलेली नात शेजारी खेळत होती. चहा झाल्यावर म्हणाले, "आपलं काय हाय का फोनात? आपलं वाजवलेलं म्या कधी ऐकलंच नाय की."

रेहानने कधीतरी पाठवलेलं एक रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. नाही म्हणणं जमलं नाही. त्यांनी मान खाली घालून ऐकायला सुरुवात केली. अर्ध्यावर त्यांच्या भुवया वर गेल्या. गाणं संपलं तेव्हा ते माझ्याकडे बघत होते.

"पाटील, हे एवढं पळतंय कशामुळं?"

मी म्हणालो, "लोकांना आवडायचं."

"मी इचारलं, पळतंय कशामुळं?"

मग मी सगळं सांगितलं. माझा पाय, त्यांचा हात, सगळं. मला वाटलं त्यांना लागेल. ते हसू लागले, इतके की मांडीवर थापा मारता मारता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी कानातलं मशीन काढलं आणि हळूच खाटेवर ठेवलं. "आता लावा. मशीन नव्हतं तवा व्हतं तसं ऐकू द्या."

मी आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि फोन त्यांच्या उजव्या कानाला लावला. त्यांनी डोळे मिटले. बोटं गुडघ्यावर चालू लागली, संथ, एकसारखी, फोनमधल्या गाण्याशी काही संबंध नसलेली. त्यांच्या मनातला बँड बैलाच्या चालीने, अजिबात घाई न करता चालला होता. इतका सुंदर ठेका त्यांनी पबमध्ये कधीच वाजवला नव्हता.

नात जवळ आली आणि काहीतरी म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नाही. तिने त्यांचं धोतर ओढलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि तिचे हलणारे ओठ पाहिले. गाणं अजून बरंच बाकी होतं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला, खाटेवरचं मशीन उचलून कानात बसवलं आणि तिच्यापुढे वाकून विचारलं, "हां, आता बोल. काय म्हन्ली माझी बाय?"

तिला मक्याचं कणीस भाजून हवं होतं. ते दोघं चुलीकडे गेले आणि मी फोन बंद केला.