मामाचं विमान आणि तिसरा खटका

“पोरगी कुटं उडवती? ते यंत्रच उडवतंय की,” माझ्या मागं बसूअण्णा कुणाला तरी हळूच म्हणाले. मामाला जाऊन महिना झाला होता. चिंचोळी एमआयडीसीच्या मागच्या माळावर मी त्याचं रिमोटचं विमान घेऊन पहिल्यांदाच एकटी आले होते.

मामा तिथल्याच एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. रविवार मात्र माळाचा, बसूअण्णांसारख्या विमानं उडवणाऱ्या दोस्तांबरोबर. मला शिकवायचं ठरलं तेव्हा त्यानं विमानात काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. विमान कलंडलं, की ते स्वतःच सावरायचं. रिमोटवर त्याचा खटका होता : पहिल्या जागी पूर्ण मदत, दुसऱ्या जागी थोडी, तिसऱ्या जागी काहीच नाही. बॅटरी जोडली, की मामा विमान सपाट जमिनीवर ठेवायचा आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. “गप ऱ्हा जरा. सपाट म्हंजे काय, ते बघून घेतंय ते.” एकदा घाईत मी ते उतारावर ठेवलं, आणि वर गेल्यावर विमान तिरकंच राहू लागलं. मामा पोट धरून हसला. “तू शिकवलंस तसंच उडतंय की.” मी घाबरले, की म्हणायचा, “बोटं काढ.” मी दोन्ही बोटं उचलायची, विमान सरळ व्हायचं... आणि मीही.

उतरवण्याआधी ओरडून सांगायचं, म्हणजे धावपट्टीवरची माणसं बाजूला होतात, हा माळावरचा नियम. माझं तोंड उघडायचं नाही. माझ्या इंग्रजी शाळेतल्या मराठीला हसून हसून भावंडांनी ते कधीच बंद केलं होतं. म्हणून माझ्या वतीनं मामा ओरडायचा. शेवटच्या रविवारी म्हणाला, “खटका टाकशील तू तिसऱ्यावर, लई हुशार हायस. पण हाक कोण देणार? माझं भूत व्हय?”

त्या सकाळी विमान उंच गेल्यावर मी खटका तिसऱ्या जागी सरकवला. लगेच वाऱ्यानं एक पंख उचलला. मी सावरला. पुन्हा उचलला, पुन्हा सावरला... बोटं काढायची सोय नव्हती, आणि मला ती नकोही होती. दोन मोठ्या फेऱ्या झाल्या, बॅटरी संपत आल्याची पीपी सुरू झाली. वळवून विमान खाली आणू लागले, तर पट्टीच्या मधोमध बसूअण्णा, पाठमोरे, वाकून आपल्या विमानाचं निखळलेलं चाक शोधत होते. कुणीच हाक देईना. सगळे माझ्याकडे बघत होते.

“अण्णा, सरका,” मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. मग मी पोटातून आवाज काढला, अख्ख्या माळाला ऐकू जाईल असा :

“अण्णा, बाजूला व्हा. मी उतरवतेय.”