दुसरं बटण

हिसाको इवासाला जगातल्या बहुतेक गोष्टींचा तिटकारा होता, आणि जिच्यावर तिचं पोट चालत होतं त्या लुनाचा सगळ्यात जास्त. लुना ही हायस्कुलात नव्यानं दाखल झालेली मुलगी. डोळे बशीएवढे, अक्कल वाटाण्याएवढी. सपाट जमिनीवर अडखळायची आणि नेमकी सेइजी नावाच्या पोराच्या अंगावर पडायची. ही बया मिकाझुकी पुरिन नावाच्या लेखिकेच्या कादंबरीतून आली होती. मिकाझुकी पुरिन, म्हणजे चंद्रकोर पुडिंग. "जी बाई स्वतःचं नाव पुडिंग ठेवते, तिच्या डोक्यातून आणखी काय निघणार?" हिसाको म्हणायची. कादंबरीचे सात भाग निघाले होते, आठवा येऊ घातला होता, आणि एवढ्या पानांत सेइजीनं लुनाचा हात एकदाच धरला होता. तोही ती जिन्यावरून पडत होती म्हणून.

या कादंबरीची मांगा, म्हणजे चित्रकथा, काढायचं काम हिसाकोकडे होतं. दर महिन्याला एक प्रकरण, शाळकरी पोरींच्या मासिकात. गोष्ट पुडिंगबाईंची, चित्रं हिसाकोची. मुखपृष्ठावर पुडिंगचं नाव वर आणि ठळक, हिसाकोचं खाली आणि बारीक. हाचिओजीच्या बाजारपेठेत धाकट्या बहिणीचं, मित्सुएचं, तळलेल्या पदार्थांचं दुकान होतं. त्याच्या वरच्या खोलीत बसून ती हे काम करायची. खालून दिवसभर तेलाचा वास वर यायचा. लुनाचे डोळे काढताना तो वास बरा वाटतो, असं तिचं मत होतं.

खरं तर ती अशी दुसऱ्यांच्या उष्ट्यावर जगणारी बाई नव्हती. निदान तिला तसं वाटायचं. बाविसाव्या वर्षी तिची स्वतःची एक गोष्ट एका मासिकात सुरू झाली होती. दीपगृहावर एकटी राहणाऱ्या बाईची. वाचकांच्या मतपत्रिकांत ती गोष्ट सतत तळाला राहिली आणि सातव्या प्रकरणात संपादकानं तिचा गळा आवळला. शेवटच्या पानावर ती बाई समुद्राकडे बघत उभी, आणि खाली ओळ, 'तिचा खरा प्रवास आता सुरू होतो.' मासिकं मेलेल्या गोष्टींच्या तोंडावर नेहमी हेच फडकं टाकतात. त्यानंतर हिसाकोनं वीस-बावीस वर्षं नामवंतांच्या हाताखाली पार्श्वभूमी काढली. खिडक्या, कौलं, जिने, आणि ज्यांच्याखाली उभ्या राहून दुसऱ्यांच्या नायिका रडतात ते विजेचे खांब. असे खांब तिनं हजारो काढले असतील. शेवट मात्र एकही काढला नव्हता. आपल्या मनातला, आपण ठरवलेला एक शेवट, एवढंच तिला या धंद्याकडून हवं होतं. बाकी सगळ्यावर ती थुंकायला तयार होती.

थुंकायची पद्धतही ठरलेली होती. सेइजीच्या शाळेचा गणवेश जुन्या धाटणीचा, काळा, बंद गळ्याचा कोट आणि त्याला पाच सोनेरी बटणं. लुनाचे डोळे पुडिंगबाई स्वतः तपासायच्या. प्रत्येक आराखडा त्यांच्याकडे मंजुरीला जायचा आणि लाल शाईत एकच शेरा परत यायचा, 'डोळे अजून ओले हवेत.' त्यामुळे डोळ्यांत हयगय चालत नसे. मग हिसाको सगळी हयगय बटणांत करायची. कुठे चार बटणं, कुठे तीन, एकदा तर एकही नाही.

कानबे नावाचा तिचा संपादक सुरुवातीला बिचकत फोन करायचा. तिशीतला माणूस, पण तिला आदरानं 'सेन्सेई' म्हणजे गुरू म्हणायचा आणि बोलताना सारखी मान लववायचा. फोनवरसुद्धा लववत असणार.

"सेन्सेई, माफ करा हं, पण चौदाव्या पानावर सेइजीला चारच बटणं आहेत."

"मग?"

"म्हणजे… पाच असतात ना."

"कानबे-सान, तुमच्याकडे संगणक आहे ना? मग तुम्हीच लावून टाका की! बटणं लावायला कलाकार लागतो होय? यापुढे बटणांचं मला विचारायचं नाही."

"हो हो, अगदी बरोबर. विचारणार नाही," कानबे म्हणाला. पुन्हा त्यानं कधीही विचारलं नाही. गुपचूप लावत गेला. एखाददुसरं त्याच्याही नजरेतून सुटायचं, आणि ते मित्सुएला बरोबर सापडायचं.

मित्सुए मासिक दुकानातच वाचायची, एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात लुना. "ताई, या पोराच्या आईला सुई-दोरा ठाऊक नाही का गं? परत बटण तुटलंय बघ याचं."

"तू हे वाचतेस तरी कशाला? चाळिशी उलटली तुझी."

"अगं, छान आहे की! मला तर रडू येतं. लुना त्याला कधी सांगणार गं?"

हिसाकोच्या मते वाचकांत दोन जाती होत्या. एक रडणाऱ्या मूर्खांची आणि दुसरी न वाचणाऱ्या शहाण्यांची. सख्खी बहीण पहिल्या जातीत निघावी याचं तिला दुःख नव्हतं, कारण मित्सुएकडून तिची दुसरी अपेक्षाच नव्हती. शाळा संपली त्या दिवशी मित्सुएनं सादाओ नावाच्या पोराकडे त्याच्या कोटाचं दुसरं बटण मागितलं होतं. निरोपाच्या दिवशी मुली तेच मागतात, कारण ते काळजाच्या सगळ्यात जवळ असतं, आणि मुलगाही ते मनातल्या मुलीलाच देतो. सादाओनं दिलं. ते बटण अजून मित्सुएच्या शिवणाच्या डब्यात होतं आणि बटण देणारा आता दोन हनुवट्या घेऊन कढईपुढे बटाट्याचे कोरोक्के तळत होता. प्रेम प्रेम म्हणतात ते शेवटी कढईत जातं, असं हिसाको त्या दोघांच्या तोंडावर म्हणायची. ती दोघं हसायची, याचा तिला आणखी राग यायचा.

लुनाच्या गोष्टीत एकच शहाणी मुलगी होती. तोमोए. ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारणारी, चष्मेवाली. पुडिंगबाईंनी तिला आडनावसुद्धा दिलं नव्हतं. सेइजी तिच्याकडून पुस्तकं न्यायचा, वेळेवर परत करायचा, आणि दोघं चार वाक्यं धड माणसांसारखी बोलायची. सगळ्या गोष्टीत धड बोलणं तेवढंच. हिसाको तिला प्रत्येक प्रकरणात कुठेतरी कोपऱ्यात बसवायची, आणि तिचे हात मात्र मन लावून काढायची.

वसंताच्या तोंडावर कानबेनं तिला स्टेशनजवळच्या रेस्टॉरंटात बोलावलं आणि न विचारता तिच्यासाठी स्ट्रॉबेरीचं आइस्क्रीम मागवलं. हिसाको काय ते समजली. संपादक गोड खायला घालतो तेव्हा गोष्ट मेलेली असते.

"कधी?" तिनं विचारलं.

"पुढचं प्रकरण शेवटचं. सेन्सेई, तुमचा काही दोष नाही हं! कादंबरी चालूच राहणार आहे. मांगा शेवटी कादंबरीची जाहिरात असते ना… तिचं काम झालं, असं वरच्यांचं म्हणणं पडलं."

"म्हणजे कादंबरी रांगत राहणार आणि मी मध्येच उतरायचं."

"छानपैकी उतरवा ना. शाळेचा निरोपाचा दिवस दाखवा, चेरी फुललेली, सगळे फाटकातून बाहेर पडताहेत. फक्त कोण कोणाचं ते दाखवायचं नाही. तेवढं पुडिंग-सेन्सेईंनी निक्षून सांगितलंय. त्यांचंच अजून ठरायचंय." कानबेनं मान लववली. "आणि खाली ओळ येईल, पुढची गोष्ट मूळ कादंबरीत वाचा."

पुन्हा तेच फडकं. फक्त या वेळी खाली दुसऱ्याच्या दुकानाचा पत्ता. हिसाकोनं आइस्क्रीम शेवटच्या थेंबापर्यंत खाल्लं, आणि वाटी रिकामी होईपर्यंत तिचं सगळं ठरलं होतं. कोण कोणाचं ते ती दाखवणार होती.

कच्च्या आराखड्यात तिनं सांगितलं तस्संच काढलं. फाटक, फुलं, गर्दी. आराखड्यात बटणं कोण काढतं? पुडिंगबाईंचा शेरा आला, 'डोळे अजून ओले हवेत.' हिसाकोनं लुनाला बादलीभर पाणी दिलं. मग ती शेवटच्या पक्क्या पानाला बसली. त्या पानावर ती जेवढी राबली तेवढी त्या अख्ख्या पुस्तकावर राबली नव्हती. गर्दीतल्या प्रत्येक पोराच्या कोटाला पाच बटणं काढली, कधी नव्हे ती. सेइजीच्या कोटाला चार. वरून दुसरं नव्हतं, आणि त्या जागी तुटलेल्या दोऱ्याची बारीक टोकं. डाव्या कडेला, गर्दीच्या मागे, तोमोए. चष्मा, खांद्याला पिशवी, आणि छातीशी आवळून धरलेली एक मूठ. लुना मधोमध ओले डोळे घेऊन उभी. ती उभी राहो बापडी.

हे छापून आलं की काय होईल, ते तिला माहीत होतं. वाचक पोरी किंचाळतील, पुडिंगबाई आकाशपाताळ एक करतील, आणि हिसाको इवासाला या धंद्यात पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. चालेल, ती म्हणाली. एक शेवट तरी माझा होईल. कानबेला निरखायला वेळ मिळू नये म्हणून तिनं पानं अगदी छपाईच्या तोंडावर धाडली. मग खाली जाऊन तिनं मित्सुएकडून दोन कोरोक्के मागून घेतले आणि उभ्या उभ्या खाल्ले. तिला गुणगुणताना ऐकून सादाओ कढईवरून वळून बघायला लागला.

मासिक आलं त्या दिवशी सकाळी कानबेचा फोन आला. आवाज नुसता फुलला होता.

"सेन्सेई! काय उतरवलंत हो! पुडिंग-सेन्सेई रडल्या. डोळे इतके ओले कधीच झाले नव्हते म्हणाल्या."

"आणि बाकीचं पान?" हिसाकोनं विचारलं.

"सगळंच सुंदर! फक्त एक, सेन्सेई… रागावू नका हं. आमची पाचावर धारण बसली होती. सेइजीचं नेमकं दुसरं बटण राहिलं होतं! निरोपाच्या दिवशी, विचार करा! वाचकांना वाटलं असतं, यानं ते कुणाला तरी देऊन टाकलं. केवढा गहजब झाला असता! एका सहकाऱ्यानं तर विचारलं, मुद्दाम तर नसेल ना? मी म्हटलं, छे, इवासा-सेन्सेईंना मी चांगलं ओळखतो, त्यांची बटणं नेहमीच राहतात." कानबे खुशीत हसला. "लावून टाकलं मी. तिथे काही बारीक डाग पडले होते, तेही पुसले. तुम्हीच म्हणाला होतात ना, विचारायचं नाही म्हणून."

त्याला शिव्या द्याव्यात म्हणून हिसाकोनं तोंड उघडलं, पण प्रत्येक शिवी फिरून तिच्याच दाराशी येत होती. इतकी वर्षं ज्या बटणांना तिनं कस्पटासमान मानलं, त्यांनी तिची साक्ष अगदी चोख दिली होती. कानबे मूर्ख होता, पण या बाबतीत त्याचं म्हणणं खोडून काढायला तिच्याकडे एक धड पान नव्हतं.

"आभारी आहे," ती शेवटी म्हणाली.

खाली मित्सुए गल्ल्याशी बसून शेवटचं पान बघत होती. डोळे अर्थातच ओले. हिसाको तिच्या खांद्यावरून वाकली. सेइजीच्या छातीवर नवंकोरं बटण चमकत होतं, बाकीच्या चारांपेक्षा जरा जास्तच गोल.

"ताई, झकास जमलंय गं शेवटचं पान. पण ही चष्मेवाली मूठ आवळून का उभी आहे? कुणाला ठोसा मारणार आहे का?"

"थंडी वाजत असेल."

"चेरी फुललीय आणि थंडी कसली? काहीतरीच तुझं!" मित्सुए हसली, आणि तेलकट बोट सेइजीच्या कोटावर ठेवून वरून खाली मोजत गेली. "अगंबाई! अहो, ऐकलंत का? ताईनं या वेळी पाचच्या पाच बटणं काढलीत. शिकली बाई एकदाची."

"अरे वा!" सादाओ कढईपाशी ओरडला, आणि ताजा कोरोक्के कागदात गुंडाळून त्यानं मेव्हणीपुढे धरला. "हा आमच्याकडून."

हिसाकोनं तो घेतला. नको म्हणायला तिला काही कारण सापडेना.