एका कानाची सोयरीक

लग्न होऊन मी साताऱ्याहून झाशीला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी एक उंच, सावळी बाई आमच्या दारात येऊन उभी राहिली. गळ्यात मापाची टेप, पदर कमरेला खोचलेला.

"तू मालती ना? मी शालिनी, शेजारची. इथे सगळे शालूजीजी म्हणतात. पोलिसाला मारलं म्हणून मी वर्षभर तुरुंगात होते. तुझ्या सासूबाईंनी अजून सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगून टाकते. आणि हो, नळाला पाणी पहाटेच येतं. नंतर नुसती फुसफुस."

एवढं बोलून ती निघूनही गेली. मी घाबरून स्वयंपाकघरात आले. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "सांगितलंन ना? सगळ्यांना सांगते. बाई वाईट नाही. पण तिच्याकडे चहाला जायचं नाही."

महिन्याभरात मी तिच्याकडे रोज चहाला जाऊ लागले.

त्या बाजूला थोरल्या बहिणीला जीजी म्हणतात. नगरा या आमच्या वस्तीतल्या रेल्वेवाल्या मराठी कुटुंबांत ही हाक इतकी रुळली होती की तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला जीजीच म्हणत. तेव्हा कोळशाची इंजिनं संपत आली होती, पण संपली नव्हती. वाळत घातलेल्या धोतरांवर काजळीचे ठिपके पडत. इंजिनांच्या शेडचा भोंगा झाला की बायका कुकर उतरवत. आमचे हे गार्ड होते. त्यांचे पांढरे युनिफॉर्म जीजी शिवायची. तिकीट तपासनीस, फायरमन, इतकंच काय, पोलिसांच्या खाकी वर्द्याही तिच्याच मशीनखालून जायच्या. दतिया गेटच्या बाजारातून ती बटणं आणायला निघाली की मीही पिशवी घेऊन मागे लागायची. वाटेत तिचं बोलणं चालूच असे. "कापड आणि माणूस, दोन्ही उलटून बघावं. खरी शिवण आतून दिसते." किंवा, "टाचण्या लावलेली बाही आणि पुढाऱ्याचं आश्वासन, दोन्ही घालून घराबाहेर पडू नये."

एकदा मी धीर करून विचारलं, "जीजी, तुम्ही सगळ्यांना स्वतःहून का सांगता?"

"मागून कळलेलं टोचतं गं. पुढून सांगितलं की माणसाला ठरवता येतं, बसायचं की उठायचं."

घडलं होतं ते असं. रेल्वेचा मोठा संप चालू होता. जीजी तेव्हा रेल्वेतच टेलिफोन ऑपरेटर होती, लग्न ठरलेलं होतं. तिचे वडील इंजिन ड्रायव्हर. ते तापाने फणफणलेले असताना, गाड्या चालवायला माणसं हवीत म्हणून पोलीस क्वार्टरमध्ये शिरले. एका शिपायाने म्हाताऱ्याला कॉलर धरून खाटेवरून ओढलं. जीजी अंगणात धुणं धूत होती. हातातल्या धोपटण्याने तिने एकच फटका मारला. तो कानशिलावर बसला. शिपायाचा डावा कान कायमचा गेला. कोर्टात तो म्हणाला, मी म्हाताऱ्याला हातही लावला नव्हता. जीजीला वर्षभराची सक्तमजुरी झाली. नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. तुरुंगात ती शिवणकाम शिकली.

हे सांगताना ती कधी रडली नाही. फक्त शेवटी म्हणायची, "माणूस बहिरा झाला, मालती. मला एवढं लागायला नको होतं."

कॉलिन तिला भेटला तोही पोलीस चौकीतच. तो ऑस्ट्रेलियाचा, निवृत्त इंजिन ड्रायव्हर. बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्याच्या देशातली कोळशाची इंजिनं कधीच भंगारात गेली होती, म्हणून ती बघायला तो झाशीला आला आणि रुळांच्या कडेला उभा राहून फोटो काढताना पकडला गेला. पोलिसांना त्याचं इंग्रजी कळेना. नेमकी जीजी वर्द्या द्यायला तिथे गेलेली. फौजदार म्हणाला, "जीजी, जरा पूछो तो, ये चाहता क्या है?"

जीजीने आधी स्वतःची ओळख करून दिली. तिच्या नेहमीच्या पद्धतीने, पोलिसाला मारल्याच्या हकिकतीसकट. कॉलिनने चौकीभर नजर फिरवली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मग माझ्या वतीने तुम्हीच बोला. तुम्हाला अनुभव आहे." जीजी मोठ्याने हसली. फौजदाराला हसण्याचं कारण कळलं नाही, पण त्याने कॅमेऱ्यातला रोल काढून घेऊन दोघांनाही जाऊ दिलं.

तो पुढच्या हिवाळ्यात परत आला. त्याच्या पुढच्याही. जीजीच्या ओसरीवर बसून तो बटणं टाकायला शिकला. ती मशीन चालवायची आणि तो कुठल्या घाटात इंजिनाला कसा घाम फुटतो ते सांगायचा. नगऱ्यात कुजबुज झालीच. सासूबाई म्हणायच्या, "चाळीशी उलटली हिची. आता काय ही थेरं!" पण कॉलिन दिसला की हळूच माझ्याकडून त्याला गुळाची पोळी पाठवायच्या. "परका माणूस आहे, उपाशी राहू नये."

दोघांनी झाशीच्या कोर्टात लग्न केलं. साक्षीदार आम्ही दोघं नवरा-बायको आणि शेजारचा एक फायरमन. कॉलिन इथेच राहिला असता, पण त्याची आई नव्वदीची होती, डोळे नुकतेच गेलेले, आणि आता तिला बघणारा तोच होता. जीजीने तिकडे जायचं ठरलं. आणि तिथे ते जुनं प्रकरण आडवं आलं. शिक्षा झालेली आहे का, हे व्हिसाच्या अर्जात सांगणं भाग होतं.

सीपरी बाजारातल्या एजंटने तिला समजावलं, "बहनजी, 'नहीं' लिख दीजिए. इतनी पुरानी फाइल है, दीमक खा गई होगी."

जीजी उठून उभी राहिली. "दीमक ने फाइल खाई होगी, भैया. उसका कान तो मैंने खाया है ना?"

तिने खरं ते सांगितलं. काही महिन्यांनी नकार आला.

त्या संध्याकाळी आम्ही एसटीडी बूथवर गेलो. काचेच्या आतून तिचं बोलणं अर्धवट ऐकू येत होतं. कॉलिन बहुधा म्हणत होता की आईला कुठल्यातरी आश्रमात ठेवून मीच येतो. जीजीचा आवाज चढला. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. "आईला टाकून आलेला नवरा घेऊन मी काय करू? त्याला सांगितलं, तू तिथेच थांब. मीच येईन. नाही आले तर तसं."

परत अर्ज करता येत होता. ओळखीच्या वकिलांनी सुचवलं, त्या शिपायाने माफ केल्याचं लिहून दिलं तर वजन पडेल. शिपायाचं नाव रामसेवक. निवृत्त होऊन तो बरुआसागरला शेती करत होता. झाशीहून बसने जाऊन यावं इतकं जवळ. पण जीजी ऐकेना.

"इतकी वर्षं गेले नाही, मालती. लाज वाटली. आणि आता स्वतःचं काम अडलं म्हणून जाऊ? कुठल्या तोंडाने?"

दोन-तीन आठवडे ती नीट जेवली नाही. मशीनही बंद. मग एका सकाळी तीच म्हणाली, "चल. मागणार काही नाही. पण न भेटता गेले, किंवा न भेटता इथेच मेले, तर ते वाईट."

बरुआसागरला उतरून आम्ही तळ्याच्या बांधावरून चालत गेलो. खाली आल्याची शेतं होती, हवेला त्याचा तिखट ओला वास. रामसेवक अंगणात खाटेवर बसून आलं निवडत होता. पांढऱ्या मिशा, हाडापेराने मजबूत म्हातारा. जीजीने नाव सांगितलं. त्याने उजवा कान पुढे केला, तेव्हा तिने परत सांगितलं. त्याची बोटं थांबली. आतून त्याची बायको दारात आली आणि तिथेच खिळून उभी राहिली.

जीजी वाकून त्याच्या पाया पडली. "दादा, माझ्या हातून तुमचा कान गेला. तेव्हाच यायला हवं होतं. आले नाही." ती हिंदीत बोलायला गेली होती, पण तोंडून मराठीच आलं. तिचं तिलाही कळलं नाही.

त्याला शब्द कळले नसावेत, पण अर्थ कळला. त्याने विचारलं, "आज काए आईं, बिन्नू? इत्ते साल बाद?" तिकडे मुलीला, धाकट्या बहिणीला बिन्नू म्हणतात.

जीजीला खोटं बोलता येत नसे. व्हिसाचं, नकाराचं, वकिलांच्या सल्ल्याचं, सगळं तिने सांगून टाकलं. "गरज लगी, तब आई हूँ. इसी की शरम है. आपसे कुछ माँगूँगी नहीं."

रामसेवक हसला. "अरे बिन्नू, गरज बिना तो कोऊ मंदिर लौं नईं जात. हम तो फिर सिपाही आंय." गरज नसेल तर लोक देवळातसुद्धा जात नाहीत, मी तर साधा शिपाई!

मग हातातलं आलं टोपलीत टाकून हळू आवाजात म्हणाला, "तुमाए बाप हमाई अब की उमर के हते. बुखार में तप रए ते. हमने कॉलर पकर कें खेंचो. और अदालत में कई, हाथ नईं लगाओ. झूठी कई ती." त्याने सांगितलं, त्या दिवशी तोही भ्यालेला होता, वरून हुकूम होता, आणि कोर्टात खरं बोलला असता तर नोकरी गेली असती. घरी चार मुलं होती.

त्याची बायको आत गेली आणि आल्याचा चहा घेऊन आली. जीजी त्याच्या उजव्या बाजूला सरकून बसली आणि दोघांनी बशीत ओतून चहा प्यायला.

निघताना तोच म्हणाला, कागद मी देणार नाही. कागदावर कोण विश्वास ठेवतो? मी स्वतः दिल्लीला येतो.

आणि तो खरंच आला. धुवट धोतर, जुना खाकी स्वेटर. जीजीने परत अर्ज केला होता, मुलाखतीचं बोलावणं आलं तसे आम्ही तिघं दिल्लीला गेलो. ऑस्ट्रेलियाच्या वकिलातीत मला बाहेरच बसवलं. आत काय झालं ते परतीच्या गाडीत दोघांकडूनही कळलं. रामसेवक अस्सल बुंदेलीत बोलत होता आणि दिल्लीच्या दुभाष्याला त्यातलं निम्मंच समजत होतं. अधिकारी बाई गोऱ्या, वयस्कर. शेवटी त्या जीजीलाच म्हणाल्या, तुम्ही सांगा, हे काय म्हणताहेत. दुभाषी ताडून बघतील.

मग जीजीने स्वतःच्या गुन्ह्याची हकिकत त्याच्या तोंडून ऐकली आणि शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितली. रक्त किती गेलं. रात्र-रात्र कानात कशी शिट्टी वाजायची. लेकीच्या लग्नातली सनई त्याला एकाच बाजूने कशी ऐकू आली. हे सगळं तिने सांगितलं. मात्र कोर्टातल्या खोट्या साक्षीवर तो आला, तेव्हा ती अडखळली. त्याने तिच्या दंडाला हात लावला. "कै दो, बिन्नू. अब हमाओ कोऊ का बिगारहै." सांगून टाक, आता माझं कोण काय वाकडं करणार!

अधिकारी बाईंनी जीजीला विचारलं, "तुम्हाला पश्चात्ताप होतो?"

"यांच्या कानाबद्दल रोज होतो," जीजी म्हणाली. "वडिलांची कॉलर सोडवली, त्याबद्दल नाही. दोन्ही एकाच फटक्यात झालं. मी काय करू?"

हे ऐकून मी गाडीतच कपाळावर हात मारला. "अहो, सरळ 'हो' म्हणायचं!"

"सरळच म्हटलं की," जीजी म्हणाली, आणि खिडकीशी पेंगणाऱ्या रामसेवकच्या अंगावर तिने आपली शाल घातली.

थंडी सरता सरता व्हिसा आला.

तिला निरोप द्यायला स्टेशनवर अर्धा नगरा लोटला होता. चौकीतला फौजदारही आला होता, तिनेच शिवलेल्या वर्दीत. सासूबाई मात्र गुडघे दुखतात म्हणून आल्या नाहीत. गाडी हलली तेव्हा जीजी दारात उभी होती आणि कुणाच्या तरी सैल बटणाकडे बोट दाखवून काहीतरी ओरडत होती. गाडीच्या आवाजात ते कुणालाच कळलं नाही.

त्या दूरच्या गावात तिने कॉलिनच्या आईचं शेवटपर्यंत केलं. तिथेही मशीन घेतली. लोकांचे पडदे, शाळेच्या मुलांचे गणवेश शिवायची. फोनवर सांगायची, "इथली माणसं फार कमी बोलतात गं. माझं मराठी आता मशीनशीच." गेल्या वर्षी ती गेली. कॉलिनने फोन केला, पण त्याला बोलवेना आणि मला ऐकवेना.

मला ती आठवते ती मात्र त्याच्या कितीतरी आधीच्या एका दुपारची. रामसेवक वारल्याचा निरोप त्याच्या मुलाने आमच्याकडे आणला होता. मी जीजीला फोन लावून सांगितलं. सासूबाई शेजारच्या खाटेवर माळ ओढत पडल्या होत्या. आता त्या फारशा उठत नसत.

तिकडे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मग जीजीने लहान मुलीसारखं विचारलं, "मालती, मला सुतक असतं का गं त्याचं?"

ना नात्याचा, ना जातीचा. मी फोनवर हात ठेवून सासूबाईंना विचारलं. मला वाटलं, चिडतील.

त्यांनी माळ थांबवली. छताकडे बघत थोडा विचार केला.

"लग्न झालेल्या लेकीला बापाचं तीन दिवस असतं," त्या म्हणाल्या. "तीन दिवस धर म्हणावं तिला."

मी ते सासूबाईंचं नाव घेऊन तसंच सांगितलं. मग जीजीचा आवाज आला, भरलेला, पण स्पष्ट.

"काकूंना सांग, धरते."