क्लचवरची दोन बोटं

हिंगणघाटात जुन्या टू-स्ट्रोक गाड्या दुरुस्त करणारा माझा एक ओळखीचा मेकॅनिक आहे. कुठलीही शंका काढा, त्याचं उत्तर ठरलेलं: "काही नाई होत भाऊ." चहा पितानाही त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर ठेवल्यासारखी वाकलेली असतात. ही सवय कशामुळे लागली, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

माझी भंगारातून आणलेली गाडी त्यानं चिखलामातीत पळेल अशी केली. मडगार्ड उंच, टायर खोल खाचांचे, पिस्टन नवा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून त्यानं ते चिमटीत चोळून पाहिलं, मग चाकाखाली लिंबू ठेवलं. पहिली चक्कर मालकानंच मारायची, हा त्याचा नेम. स्वतः तो अशा गाडीवर कधीच बसत नाही.

"पिस्टन जाम झाला तर?" मी विचारलं.

"मागचं चाक जागीच थांबते. लगेच क्लच दाबजा. काही नाई होत."

लिंबू चिरडून मी निघालो. नदीकडच्या मुरमाच्या उताराला लागताना एकदा मागे पाहिलं. तो गॅरेजच्या दारात उभा होता, आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं हवेतच क्लच दाबून होती.