भाड्याचे बारा सिलिंडर

निवृत्त होऊन काही वर्षं झाली. मोठमोठे गुन्हे विसरले, पण बारा सिलिंडरच्या चोरीची ती फिर्याद मात्र विसरलेले नाही.

भूकंपाला काही वर्षं उलटली होती. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. मी शहरातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होते. एका सकाळी हजेरी चालू असतानाच एका मोठ्या क्लासचे संचालक आले. आग विझवायचे बारा सिलिंडर चोरीला गेले म्हणाले. सोमवारी अग्निशमन अधिकारी ते पाहून गेले होते. शुक्रवारी दाखला द्यायला आले, तर भिंतीवर नुसते खिळे. चोरी झाली म्हटल्यावर त्यांनी दाखला परत पिशवीत घातला आणि पोलिसांचा कागद आणायला सांगितलं.

"ओळखीची खूण?" मी विचारलं.

"लाल आहेत."

"सगळेच लाल असतात, सर."

"मॅडम, सिलिंडर नाही सापडले तरी चालेल. कागद तेवढा आज द्या."

ज्याच्याकडे चोरी झाली तो असं बोलत नाही. मी फिर्याद नोंदवून सही घेतली आणि पंचनाम्याला निघाले.

तिसऱ्या मजल्यावर मुली खेटून बसल्या होत्या. खाली यायला एकच अरुंद जिना.

"दुसरा जिना कुठंय?"

"भूकंपानंतरचं बांधकाम आहे, मॅडम. इमारत जागची हलायची नाही."

"मुलींना हलावं लागेल ना?"

खाली एक बाई डबा घेऊन उभ्या होत्या. निलंग्याकडच्या, लेकीच्या शिक्षणासाठी इथं खोली घेऊन राहिलेल्या. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बाई, चोरी कशाची? मंडपवाल्याच्या टेंपोत गेले की, खुर्च्यांसंगट. म्या बघितलं. दसऱ्याच्या पूजेची विभूती बी तशीच हाय त्यांच्यावर, तीन बोटं." मग आवाज बारीक झाला. "माझी लेक वर बसती. सरांना इचारलं तर म्हनले, लई भ्या वाटत आसंल तर घेऊन जावा."

टेंपोचा माग काढला, तर दुपारी मागच्या गल्लीतल्या क्लासमध्ये बाराच्या बारा सापडले. प्रत्येकावर विभूतीची तीन बोटं. तिथं दुसऱ्या दिवशी तपासणी होती.

मंडपवाल्यांना ठाण्यात बोलावलं. ते आले तेव्हा कपाळावरही तीच तीन बोटं होती. चोरीचं नाव काढताच भडकले.

"चोर? मी? माल माझा हाय, मॅडम! खंडेनवमीला पुजलाय. लोक खुर्च्या नेतेत, पंखे नेतेत, तसे हे बी नेतेत. सोमवारी यांच्याकडं, उद्या त्यांच्याकडं."

'त्यांच्याकडं' म्हणजे कुणाकुणाकडं, हे ते सांगू लागले. हवालदारांना दुसरा कागद घ्यावा लागला.

संचालकांना समोर बसवलं. मंडपवाले म्हणाले, "सर, आता निरोप समारंभाला माझी सतरंजी बी मिळायची न्हाई." संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, फिर्याद मागे घेतो."

"खोटी फिर्याद हाही गुन्हा आहे, त्याची कारवाई होईल. त्याआधी एक काम करा."

ठाण्याच्या अंगणात रद्दी पेटवली आणि जप्त केलेला एक सिलिंडर संचालकांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला. पिन मंडपवाल्यांनीच ओढून दिली. दांडा दाबल्यावर नुसता फुस्स आवाज आला. दुसरा तसाच, तिसरा तसाच. रद्दी शेवटी जळून आपोआप विझली.

मी मंडपवाल्यांकडे वळले. ते शांतपणे म्हणाले, "आजवर कुनी वापरलाच न्हाई, मॅडम. मग भरायचा कशाला?"

सगळं ठाणं हसलं. जबाब द्यायला आलेल्या निलंग्याच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या राखेकडे बघत होत्या.

खोट्या फिर्यादीची कारवाई झाली. माझ्या अहवालावरून तिसरा मजला बंद झाला. मागून लोखंडी जिना उभा राहिला, नवे भरलेले सिलिंडर आले, तेव्हाच मजला उघडला. बाकीच्या क्लासच्या नावांचा कागदही मी अग्निशमन विभागाकडे धाडला.

लोक आगीला भीत नाहीत, तपासणीला भितात, हे मी त्या दिवशी शिकले. आता कुठल्याही इमारतीत गेले की मी भिंतीवरचे सिलिंडर मोजत नाही. तिथल्या शिपायाला विचारते, "बाबा, हा चालवायचा कसा?" शिपाई साहेबांकडे बघतो. साहेबांना तेवढ्यात कुणाचा तरी फोन आलेला असतो.