शेवटच्या तीन फळ्या

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, मी त्या घराबद्दल तक्रार करतोय.

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. मी पुण्याचा, वय सत्तेचाळीस, अकरा वर्षं टोकियोत सॉफ्टवेअरचं काम. ऑफिस इंग्रजीत चालतं, त्यामुळे माझं जपानी कामापुरतंच. दोन वर्षांपूर्वी आम्ही टोकियोजवळ ग्योतोकुला एक जुनं दुमजली घर घेतलं. घर मोरिता-सान नावाच्या आजींचं. त्यांचे यजमान सुतार होते. खालच्या खोलीची लाकडी जमीन त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेली. पुढे ते आजारी पडले, त्यांचे पाय गारठायचे, म्हणून आजींनी वर कार्पेट घातलं. ते गेले, कार्पेट राहिलं.

किल्ल्या देताना आजींनी विचारलं, "कार्पेट काढाल, तेव्हा मी येऊ का?"

मी हसून म्हणालो, "दाइजोबु देस." माझ्या मनात — या की, काही हरकत नाही.

आजी जरा थांबल्या, कमरेत वाकल्या आणि गेल्या.

स्टेशनकडे चालताना बायको, प्राजक्ता, म्हणाली, "तू त्यांना नको म्हणालास."

"हरकत नाही म्हणालो."

"मी रोज दुकानाच्या काउंटरवर उभी असते. पिशवी देऊ का विचारलं की गिऱ्हाईक दाइजोबु म्हणतं. मग मी पिशवी देते का? नऊ वर्षं झाली, हो आणि नको कळत नाही तुला. फोन कर त्यांना."

"करतो," म्हणालो. केला नाही. खरं सांगायचं तर ते सोयीचंच वाटलं. म्हातारं माणूस येणार, बसणार, कदाचित रडणार — आणि मी तोडक्यामोडक्या जपानीत काय बोलणार...

एका रविवारी आम्ही दोघांनीच कार्पेट उचललं. खाली ओकच्या रुंद फळ्या, धुळीने राखाडी झालेल्या. दमलो होतो, तशाच सोडल्या.

सोमवारी सकाळी खिडकीपासून स्वयंपाकघराच्या दाराकडे जाणारा हातभर रुंद पट्टा चकाकत होता. तांदळाच्या कोंड्याचा वास येत होता. मला वाटलं प्राजक्ताने पुसलं, तिला वाटलं मी. "तू, आणि पुसणार?" म्हणून ती हसली. पट्टा दारापर्यंत पोचत नव्हता. तीन फळ्या अलीकडेच थांबला होता.

मंगळवारी, बुधवारी तेच. बुधवारी संध्याकाळी तिने दिवाळीची उरलेली रांगोळी खोलीभर भुरभुरली. सकाळी दोन्ही बाजूंना रांगोळी तशीच, मधला पट्टा स्वच्छ. शेवटच्या तीन फळ्यांवर पांढरी भुकटी जशीच्या तशी.

"आता तरी फोन करशील?" ती म्हणाली.

आजी फुनाबोरीच्या एका वृद्धाश्रमात होत्या. शनिवारी दोघं गेलो. कार्पेट काढलं, एवढंच मी सांगितलं. पट्ट्याबद्दल अक्षर काढलं नाही. त्या मान हलवत बोलू लागल्या, प्राजक्ता मला मराठीत सांगत होती. लग्न झाल्यापासून कार्पेट घालेपर्यंत त्या रोज सकाळी कोंड्याच्या पुरचुंडीने ती जमीन पुसायच्या. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून खुर्चीत बसून डोळे मिटतात आणि मनातच पुसतात. खिडकीपासून सुरू करतात.

"पण दारापर्यंत काही पोचत नाही," त्या हसल्या. "तीन फळ्या राहतातच. कंबर धरते."

प्राजक्ताने हे मराठीत सांगता सांगता माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

ओल, वारा, लाकडातलं तेल — सगळा विचार करून झालाय. दोन इंजिनिअर मित्रांनी घर पाहिलं. कुणाला काही सांगता आलं नाही, मलाही नाही.

त्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी आजींना घरी आणलं. त्यांनी येताना पुरचुंडी शिवून आणली होती. खाली बसवल्यावर त्या बराच वेळ फळ्यांवरून तळवा फिरवत राहिल्या. मग पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि दाराकडे बोट केलं. मी गुडघ्यांवर बसून त्या तीन फळ्या पुसल्या.

माफीची जपानी वाक्यं ट्रेनमध्ये पाठ केली होती. त्यातलं एकही आठवेना. एकदा त्या भाषेत चुकलोच होतो... मग तसाच, गुडघ्यांवर बसूनच, मराठीत म्हणालो, "आजी, तुम्ही येते म्हणाला होतात. मी फोन केला नाही. चुकलं माझं."