टुंड्रातला पतंग

प्राणिशास्त्राच्या तोंडी परीक्षेत आमच्या कॉलेजात दरवर्षी एकच प्रश्न विचारतात: उष्ण जंगलातलं फुलपाखरू आणि टुंड्रातला पतंग, फरक सांगा. गाईडमध्ये उत्तर तयार. फुलपाखरू रंगीत, दिवसा उडणारं, भराभर वाढणारं. पतंग करडा, केसाळ. त्याची अळी हिवाळाभर गोठून पडते, उन्हाळ्यात पुन्हा खायला लागते, अशी कित्येक वर्षं. मुलं हे पाढ्यासारखं म्हणतात. खिडकीबाहेरच्या उसावर बसलेला पतंग कोणता, ते मात्र एकालाही सांगता येणार नाही. मी विचारत नाही, कारण मलाही येणार नाही.

यंदा बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे निव्वळ पोकळ गृहस्थ. आल्या आल्या जेवणात मटण आहे ना, याची खात्री करून घेतली आणि मग मुलांची यादी मागितली.

अकोले तालुक्यातली एक मुलगी होती. भाताच्या आवणीला, रोपं लावायला, घरी जावं लागल्याने तिची प्रॅक्टिकलची वही अर्धी कोरी. पास होणं सगळं या तोंडीवर, आणि नापास झाली तर घरचे पुन्हा पाठवणार नव्हते. तिनेच मला सांगितलं होतं.

फुलपाखरावर ती सुसाट सुटली. "सकाळी गारठा असला की ते उडतच न्हाई, सर. पंख पसरून उन्हात बसून ऱ्हातं. आन ओढ्याच्या ओल्या मातीवर लई जमत्यात, पानी पित्यात."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?" परीक्षक म्हणाले. "पतंगाचं बोला."

"तो मी पाह्यला न्हाई, सर."

ते खो खो हसले. अख्ख्या दिवसात एवढं एकच खरं उत्तर मिळालं होतं आणि ह्या माणसाला हसू आलं! पास व्हायला दोन गुण कमी पडतील असे गुण घालून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. कॉलेजची परीक्षक म्हणून मी खाली सही केली. त्यांची तरी भुकेची घाई होती, माझी कसली होती?

मुलगी पायरीवर थांबली होती. निकाल तिला ठाऊक नव्हता.

"मॅडम, तुमी पाह्यलाय का तो पतंग?"

"हो," मी म्हणाले.

तिचा चेहरा उजळला. "कसा हाय?"

"करडा. केसाळ." पुढचं गाईडही मी म्हणून दाखवलं. तिने वहीचं एक कोरं पान उघडलं आणि मान खाली घालून सगळं लिहून घेतलं.